सव्वाआठ बिटांची फट

कुंकू आणि बुक्का यांच्या राशी एकमेकींना खेटून लावायच्या नसतात, हे मला वडिलांनी वयाच्या नवव्या वर्षी शिकवलं. शिकवणी एका वाक्याची आणि एका थपडेची होती.

पंढरपुरात देवळाच्या आसपास प्रासादिक साहित्याची जी दुकानं आहेत, त्यातलंच आमचं एक. चुरमुरे, बत्तासे, तुळशीच्या माळा, टाळ, विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरी हे सगळं मागं, आणि पुढच्या फळीवर राशी. लाल कुंकू, पिवळी हळद, काळा बुक्का, गुलाबी गुलाल, केशरी अष्टगंध. रास टोकदार लागते. टोक मोडलेली रास म्हणजे कालचा माल, असं गिऱ्हाईक धरून चालतं. म्हणून सकाळी ओंजळीनं ओतायचं, पुठ्ठ्यानं चारी बाजूंनी थापटत वर न्यायचं आणि शेवटची चिमूट वरून सोडायची. ती चिमूट सोडताना शिंकायचं नाही.

त्या आषाढीला फळीवर पाच राशी होत्या. माझ्या मनात आलं, मधली जागा उगाच वाया चाललीय, जरा सरकवून घेतलं तर सहावी बसेल. बसवली. वडील चहाला गेले होते. समोरून कुणाची तरी बैलगाडी गेली, फळी हादरली आणि बुक्का कुंकवात उतरला. जो रंग तयार झाला त्याला मराठीत नाव नाही. मी तो बोटानं सारखा केला आणि गप्प बसलो. अर्ध्या तासात एक आजीबाई पुडी घेऊन परत आल्या, सोबत पुरावा म्हणून सून. सवाष्णीच्या कपाळाला काळं फासणारं दुकान आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही, असं त्यांनी आख्ख्या गल्लीला सांगितलं.

“मधे चार बोटं जागा सोडायची,” वडील म्हणाले.

“पण ती रिकामीच राहते की,” मी म्हणालो.

थप्पड बसली ती त्या ‘की’ला.

या चार बोटांना शिकलेली माणसं ‘गार्ड बँड’ म्हणतात, त्यांचा भाव हजार कोटींत निघतो आणि त्यांच्यापायी विमानं रद्द होतात, हे कळायला पुढं चाळीसेक वर्षं आणि एक भाचा लागला.

भाचा पुण्यात एका मोबाईल कंपनीत इंजिनीअर आहे. आषाढीला त्याची ड्युटी पंढरपुरात लागते. कारण उघड आहे. लाखभर वस्तीचं गाव, त्यात दशमी-एकादशीला दहा लाखांवर माणूस उतरतो, आणि त्या प्रत्येकाला कळस दिसल्याबरोबर घरी फोन करून “कळस दिसला” एवढंच सांगायचं असतं. दोन शब्दांचा निरोप. पण दहा लाख जण एकाच दुपारी दोन शब्द बोलायला निघाले की गावातल्या टॉवरांची अवस्था दर्शनबारीत अडकलेल्या माणसासारखी होते. पुढं सरकत नाही, मागं फिरता येत नाही. म्हणून कंपन्या चाकावरचे टॉवर आणतात.

“आजी, आमचा काऊ आलाय,” घरात पाऊल टाकल्या टाकल्या भाचा म्हणाला. “65 एकराच्या तळाच्या बाजूला उभा केलाय.”

“आणि चिऊ?” आईनं विचारलं.

मग त्यानं समजावलं, की इंग्रजीत त्या गाडीला ‘सेल ऑन व्हील्स’ म्हणतात, त्याची पहिली अक्षरं जोडली की काऊ, म्हणजे गाय.

“मग गाय म्हणावं सरळ. खाते काय?”

“डिझेल.”

आईनं बसल्या जागेवरून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात येऊन बसला. मी राशी लावत होतो. तो बराच वेळ फळीकडं बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, तुमच्याकडं तर आख्खा स्पेक्ट्रम मांडलाय.”

मी म्हणालो, “अष्टगंध म्हणतात त्याला.”

पण तो पेटला होता. ही आडवी फळी म्हणजे रेडिओलहरींची पट्टी समजा, म्हणाला. डावीकडं कमी वारंवारता, उजवीकडं जास्त. प्रत्येक स्टेशन, प्रत्येक मोबाईल कंपनी म्हणजे एकेक रास. सरकार फळीवर खडूनं रेघा मारून देतं, इथून इथपर्यंत तुझं. आता कंपनीला वाटतं आपली रास चौकोनी डब्यासारखी रेघेवर बरोबर उभी राहील. पण कुंकू कधी भिंतीसारखं उभं राहतं का? त्याला उतार येतो. लहरीलाही येतो. टोक तुमच्या हद्दीत असतं आणि पायथा शेजाऱ्याच्या. त्यात तुम्ही आवाज लांब पोचावा म्हणून रास उंच केलीत की पायथा आणखी पसरतो.

“मग मधे पुठ्ठा लावावा,” मी धंद्यातला उपाय सांगितला.

“लावतो की. त्याला फिल्टर म्हणतात. पण पुठ्ठ्यालाही जाडी असते, मामा.”

हे मला एकदम पटलं. माझ्या धंद्यात पुठ्ठ्याच्या जाडीनं दिवसाला मूठभर माल जातो. त्यांचं असं आहे, की जितका पातळ पुठ्ठा तितका तो महाग, आणि फोनच्या पोटात मावणारा पुठ्ठा फार पातळ करता येत नाही. म्हणून पुठ्ठाही लावायचा आणि वर थोडी जागाही सोडायची. ती सोडलेली जागा म्हणजे गार्ड बँड. तिथं कुणी बोलायचं नाही.

आणखी एक कारण त्यानं सांगितलं, ते तर पंढरपुरात शेंबड्या पोरालाही समजेल. कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो फाटतो. फाटतो म्हणजे जे सूर बुवांनी गायलेच नाहीत तेही बाहेर पडायला लागतात. टॉवरमधल्या यंत्राचंही तेच. ताकदीबाहेर बोलायला लावलं की लहर फाटते आणि तिच्या चिंध्या शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात.

मला वडिलांचा रेडिओ आठवला. मोठा, लाकडी, पुढं काच आणि काचेवर फिरणारा काटा. मीडियम वेव्हवर सांगली 1251, पुणे 792, मुंबई 1044 आणि 558. हे आकडे आमच्या घरात देवाच्या नावांसारखे पाठ होते. भाचा म्हणाला, यांना नवानं भागून बघा. दुकानात पुडीचा कागद असतोच. भागून बघितलं. सगळ्यांना भाग जातो! 792 म्हणजे नऊ अठ्ठ्याऐंशी. 1251 ची बेरीज केली तरी नऊच. मी चाळीस वर्षं रेडिओ ऐकला आणि नवाचा पाढा ऐकतोय हे मला ठाऊक नव्हतं.

झालं असं, की 1975 साली जिनिव्हात देशोदेशीचे लोक जमले आणि त्यांनी युरोप, आफ्रिका आणि आशियासाठी मीडियम वेव्हची फळी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या घरांत वाटून घेतली. 1978 च्या नोव्हेंबरात ते लागू झालं. दोन स्टेशनांत नवाचं अंतर. अमेरिकेत मात्र दहाचं. त्यांचा पाढ्यांशी संबंध दहापुरताच असावा. एफएमचा पाढा निराळा. मुंबईत खासगी स्टेशनांच्या जागा बघा, 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3. एकाच गावात दोघांमध्ये आठशे किलोहर्ट्झचं अंतर. मुंबईत माणसाला न मिळणारी जागा तिथं गाण्याला मिळते.

आता यात आपल्या देशानं एक खास देशी घोटाळा करून ठेवलेला आहे. अमेरिकेत मोबाईलसाठी एक पट्टा ठरला होता, युरोपात दुसरा. दोघांनी आपापल्या घरात एकच खाट टाकली. आपण पाहुणचारात कमी नाही, म्हणून आपण दोन्ही खाटा एका खोलीत टाकल्या. परिणाम असा झाला, की एका पट्ट्यात 889 मेगाहर्ट्झपर्यंत टॉवर बोलतो आणि लगेच 890 पासून दुसऱ्या पट्ट्यातला टॉवर कान देऊन ऐकायला बसतो. मधे एक मेगाहर्ट्झ. म्हणजे एकजण कर्ण्यावर बोलतोय आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा, दोन कोसांवरून कुणी कुजबुजतंय का, ते ऐकायचा प्रयत्न करतोय. बरीच वर्षं इंजिनीअरांनी याच एका फटीत चांगले जाडजूड पुठ्ठे कोंबले. पोटापाण्याला लागले बिचारे.

“आणि ही मोकळी जागा विकत नाहीत?” मी विचारलं. धंदेवाल्याला पहिला प्रश्न हाच सुचतो.

तेव्हा त्यानं 700 चा पट्टा सांगितला. 703 ते 748 मध्ये फोन बोलतो, 758 ते 803 मध्ये टॉवर बोलतो. 748 ते 758 रिकामं. दहा मेगाहर्ट्झचं भलंमोठं अंगण, आणि तिथं कुणी झाडलोटसुद्धा करत नाही. 2022 च्या लिलावात याच पट्ट्यात देशभरच्या एका मेगाहर्ट्झ-जोडीची किमान बोली 3,927 कोटी होती. मी पुडीच्या कागदावर गुणाकार मांडायला घेतला. भाच्यानं हात धरला. “मामा, तो हिशोब करून आमचे दोन साहेब रजेवर गेलेत.”

मुळात या लहरी कुणाच्या? हेही आपल्याकडं कोर्टात जाऊन ठरलंय. क्रिकेटचे सामने टीव्हीवर कुणी दाखवायचे या भांडणात 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, आणि त्यात आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी सांगितलं, की आकाशलहरी ही लोकांची मालमत्ता आहे. पुढं 2 फेब्रुवारी 2012 ला त्याच न्यायालयानं टू-जीचे 122 परवाने रद्द केले, ते आपल्याला चांगलं आठवतं. पण सावंतांचा निकाल मला जास्त आवडला. लोकांची मालमत्ता म्हणजे माझीही. म्हणजे त्या रिकाम्या अंगणात माझा एक वाफा निघतो. मी भाच्याला म्हणालो, माझ्या वाट्याचं जे काय असेल ते मोडून दे, वळचणीला ठेवतो. तो म्हणाला, तुमचा वाटा ही रिकामी जागाच आहे, ती रिकामी आहे म्हणून तुम्हाला फोन ऐकू येतो. इतकं गोड बोलून वाटा नाकारणारा माणूस मी भाऊबंदकीतही पाहिला नव्हता.

विमानांचं राहिलंच. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेत फाइव्ह-जी सुरू होणार म्हणून आपल्या एअर इंडियासकट अनेक कंपन्यांनी तिकडची विमानं रद्द केली. विमान उतरताना जमीन किती खाली आहे ते मोजणारं यंत्र 4.2 गिगाहर्ट्झच्या वर ऐकतं आणि नवा फोन 3.98 पर्यंत बोलणार होता. मधे 220 मेगाहर्ट्झ मोकळे होते! आमच्या वडिलांच्या हिशोबात ही चार बोटं नाहीत, चार एकर आहेत. तरी भांडण झालं, कारण त्या जुन्या यंत्रांना पुठ्ठाच धड नव्हता. शेजारी पूर्वी निवांत होता, म्हणून कुणी दाराला कडी लावली नव्हती. आपल्याकडं मग दूरसंचार खात्यानं कंपन्यांना सांगितलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटरच्या आत 3.3 ते 3.6 गिगाहर्ट्झचे टॉवर लावू नका. पंढरपूरला विमानतळ नाही, म्हणून आम्ही या संकटातून वाचलो. आमच्याकडं हेलिकॉप्टर येतं ते व्हीआयपींचं, आणि त्यांच्याभोवतीचा गार्ड बँड पोलीस आधीच्या संध्याकाळपासून आखतात.

दशमीच्या रात्री मात्र आमच्या गल्लीत जे घडलं त्यानं भाच्याच्या आख्ख्या शिक्षणाला प्रात्यक्षिक मिळालं.

मठात कीर्तन होतं. एक बोळ ओलांडून पलीकडच्या मंडपात अन्नदान होतं. दोन्हीकडं कॉर्डलेस माईक. मंडपवाला एकच, त्यामुळं माईकही एकाच खोक्यातले, सख्खे भाऊ. पहिला अर्धा तास सुखात गेला. मग बुवा रंगात आले, आणि रंगात आलेला कीर्तनकार एका जागी उभा राहत नाही. ते माईक घेऊन पार श्रोत्यांत उतरले आणि मागच्या यंत्रापासून लांब गेले. अशा माईकांचा नियम असा, की दोन आवाज एकाच लहरीवर आले तर मिसळत नाहीत, ज्याचा जोर जास्त तोच ऐकू येतो आणि दुसरा नाहीसाच होतो. म्हणजे राजकारणासारखंच.

बुवांनी हात उंचावून विचारलं, “हा जीव कुठून आला?”

कर्ण्यातून उत्तर आलं, “करमाळ्याहून आला आहे. अंगात पांढरी बंडी आहे. नाव सांगता येत नाही.”

सभा स्तब्ध झाली. बुवांना मागचं काही नीट ऐकू गेलं नसावं. ते आवेशात होते. “आणि अंती जाणार कुठं?”

“पोलीस चौकीत बसवलेलं आहे. नातेवाइकांनी ओळख पटवून घेऊन जावं.”

मागच्या रांगेतल्या एका म्हातारबुवांनी डोळ्याला उपरणं लावलं. मला आजही वाटतं, त्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर कुठल्याच ग्रंथात नसेल. पण पुढं गोंधळ झाला. बुवा वैराग्यावर आले, देह नाशवंत आहे म्हणाले, आणि कर्णा म्हणाला, “भाकरी संपत आलेल्या आहेत, ज्यांचं राहिलंय त्यांनी लगेच पंगतीला बसावं.” निम्मी सभा उठली. बुवांनी चाळीस वर्षांत कमावलेलं वैराग्य एका भाकरीनं हरवलं.

भाचा धावत गेला. “यात फटच नव्हती,” परत आल्यावर म्हणाला, “दोन्ही राशी एकाच जागी ओतल्या होत्या.” शेवटी बुवांच्या हातात जुना वायरीचा माईक दिला. वायरीला शेजार नसतो. फक्त तिला बुवांना अर्ध्या वर्तुळात फिरवून मागं ओढायची सवय असते, आणि उरलेलं कीर्तन बुवांनी बांधलेल्या गाईसारखं केलं.

रात्री घरी येऊन झोपायची तयारी सुरू झाली. आषाढीला आमच्या घरात दरसाल उतरणारी पंचवीस-तीस माणसं, वर भाऊबंद. माजघरात पथारी कशी घालायची हे आई ठरवते, त्यात कुणाचं चालत नाही. जेवढे खांदे तेवढ्या वितीची जागा. फक्त मोठे काका आणि धाकटे काका यांच्यामध्ये ती एक लोड उभा ठेवते. जमिनीच्या वाटणीपासून ते बोलत नाहीत. लोड काढला तर आणखी एक माणूस झोपेल, हे सगळ्यांना दिसतं. पण काढून कुणी बघितलेला नाही.

आणि घरात नवा जावई आला असेल तर त्याला भिंतीकडची ऐसपैस जागा. हेही मोबाईलात आहे म्हणे! टू-जीमध्ये आठ फोन एकाच लहरीवर पाळीपाळीनं बोलतात. एकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडी जास्त. दोन पाळ्यांच्या मधे गप्प बसायचं, किती, तर सव्वाआठ बिट. सव्वाआठ! हा आकडा ऐकून मला त्या इंजिनीअरांविषयी प्रथमच माया वाटली. सव्वा आणि दीड यांच्यात व्यवहार करणारी माणसं परकी कशी असतील? पण फोन पहिल्यांदाच टॉवरला हाक मारतो, तेव्हा तो किती लांब उभा आहे हे टॉवरला माहीत नसतं. त्याचा आवाज उशिरा पोचून पुढच्याच्या पाळीत घुसू नये, म्हणून त्या पहिल्या हाकेपुरती फट ठेवतात सव्वाअडुसष्ट बिटांची. म्हणजे जावयाची पहिली खेप. एकदा अंतर कळलं की मग सव्वाआठ. आमच्या जावयांचंही तिसऱ्या वर्षी तेच होतं.

असाच वाड्याचाही हिशोब. टू-जीचा मूळ पट्टा 25 मेगाहर्ट्झचा, खोली दोनशे किलोहर्ट्झची, म्हणजे 125 खोल्या. देतात मात्र 124. एका खोलीचे दोन तुकडे करून दोन्ही टोकांना मोकळे ठेवतात, म्हणजे शेजारच्या वाड्याशी कटकट नको. पंढरपुरात आषाढीच्या दिवसांत 125 पैकी एक खोली रिकामी ठेवणारा घरमालक मला दाखवा, मी त्याला कुंकू लावून ओवाळीन.

पुढचं भाच्यानं सांगितलं ते मला आधी खोटं वाटलं. आताच्या फोर-जी, फाइव्ह-जीत म्हणे पंधरा-तीस किलोहर्ट्झच्या बारीक राशी एकमेकींवर चढवून लावतात. मधे फटच नाही. पायथे एकमेकांत पुरते मिसळलेले. तरी कुंकू कुंकूच राहतं.

“काय सांगतोस! आणि तो रंग होत नाही? नाव नसलेला?”

“नाही होत. कारण अंतर असं बांधलंय, की जिथं एकीचं टोक येतं नेमकं तिथं बाकी सगळ्यांचं शून्य असतं. आपण फक्त टोकावरची चिमूट उचलायची.”

मी दिंडीचा विचार करत होतो. एका दिंडीत टाळकरी खांद्याला खांदा लावून चालतात. पन्नास टाळ, पन्नास गळे, एकमेकांत बोटाचीही फट नाही. तरी कुणी कुणाला अडवत नाही, कारण ठेका एक आहे. एक टाळकरी जरी अर्धी मात्रा मागं पडला, की विणेकरी मान वळवून बघतो. नुसतं बघणंच पुरतं. त्या बारीक राशींचंही तसंच, भाचा म्हणाला, एकीनं जागा सोडून जरा सरकलं तरी सगळ्या नासतात. पण एक दिंडी आणि दुसरी दिंडी यांच्यात अंतर लागतंच. तिचा अभंग वेगळा, ठेका वेगळा. फोर-जीच्या दहा मेगाहर्ट्झच्या जागेत राशी नऊपर्यंतच लावतात आणि उरलेला एक दोन्ही कडांना वाटून सोडतात. फाइव्ह-जीत ती कड एवढी घासत आणलीय, की शंभरातले 98.28 वापरात. कड बारीक झाली, गेली नाही.

पालख्यांचंही असंच. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबांनी 1685 मध्ये तुकोबांच्या पादुकांबरोबर ज्ञानेश्वरांच्याही पादुका एकाच पालखीत घालून वारी सुरू केली. एक लहर, दोन स्टेशनं. पुढं देहूकरांत मानावरून कुरबुरी वाढल्या आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींचा सोहळा आळंदीहून वेगळा काढला. आता माऊली जेजुरी-फलटणवरून येतात, तुकोबा बारामती-अकलूजवरून. दोन्हींच्या मधे गार्ड बँड, आणि भेट वाखरीला. वेगळं करण्यात काही वाईट नसतं, एवढं आमच्या मोठ्या काकांना सांगून बघितलं. त्यांनी लोडाकडं बघितलं आणि कूस बदलली.

माऊलींच्या सोहळ्यात रथाच्या पुढं 27 दिंड्या, बाकीच्या मागं, प्रत्येकीला नंबर, नंबर चुकायचा नाही. ज्यांनी समाज आरती बघितली नाही त्यांनी एकदा संध्याकाळी मुक्कामावर जाऊन बघावी. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि चोपदार दंड वर करतो. टाळ थांबतात. सगळे. लाखाच्या जमावात टाचणी पडली तर ऐकू यावी. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवत राहते. तेवढाच आवाज. चोपदार तिकडं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग ती दिंडीही थांबते. मग हरवलं-सापडलं सांगायचं, मग आरती. भाच्याला मी हे बघायला वाखरीला पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाला, आमच्याकडं एवढ्यासाठी तीन-तीनशे पानांची नियमावली आहे.

एका गोष्टीत मात्र वारीचं तंत्र कच्चं आहे. पत्ता. वारीत प्रत्येकजण माऊली. पोलीस कर्ण्यावरून सांगतो, “माऊली, जरा पुढं सरका,” आणि चंद्रभागेपासून चौफाळ्यापर्यंत सगळे पुढं सरकतात. “माऊली, तुमची पिशवी राहिली” म्हटलं की चारशे जण पिशवी चाचपतात. 

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्या फटीचं काय? एरवी विठ्ठलाला शेजारती झाली की विश्रांती. काकडआरतीपर्यंत दार बंद. हा त्याचा रोजचा मोकळा पट्टा. आषाढीच्या आधी मुहूर्त बघून देवाचा पलंग काढतात आणि मग दर्शन चोवीस तास. मागणी वाढली म्हणून स्वतःची फट सोडून देणारा या सगळ्यांत हा एकटाच. पण त्याचाही हिशोब ठेवलेला असतो. वारी उलगडली की प्रक्षाळपूजा, गरम पाण्यानं स्नान, शिणवटा जावा म्हणून काढा, आणि पलंग पुन्हा जागेवर. भाचा म्हणाला, आमच्या टॉवरला काढा देण्याची सोय नाही. आई म्हणाली, गाईला देतात की.

एकादशीच्या सकाळी त्याची रात्रपाळी संपली होती. काऊ शांत उभा होता, फोन बऱ्यापैकी लागत होते. तो म्हणाला, मामा, तुम्ही आंघोळ उरकून या, मी दुकान बघतो. मी तासाभरानं आलो तर फळीवर सात राशी. सात! कुंकू, हळद, बुक्का, गुलाल, अष्टगंध, पुन्हा कुंकू, पुन्हा बुक्का. एकीच्या पायथ्याला दुसरीचा पायथा लागलेला, टोकं मात्र शाळेतल्या कंपासपेटीतून काढल्यासारखी. तो कमरेवर हात ठेवून उभा होता.

“बघा, टोकावर प्रत्येकीचं शुद्ध. वरची चिमूट उचलून द्यायची.”

मी काही बोललो नाही. समोरून नगरपालिकेचा पाण्याचा टँकर येत होता.

फळी हादरली, तसा माझा उजवा हात आपोआप खांद्याच्या वर गेला. चाळीस वर्षांपूर्वीचा हात होता तो, माझा नव्हताच. पण समोर पोरगा अठ्ठावीस वर्षांचा, इंजिनीअर, बहिणीचा एकुलता एक. मी हात खाली आणला आणि चार बोटं त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

त्यानं बोटांकडं बघितलं, फळीकडं बघितलं, त्या नाव नसलेल्या रंगाकडं बघितलं.

“तीन पुरतील, मामा,” म्हणाला.